७० पैकी ३९: एका प्रीलिमच्या पेपरची चिरफाड

गेल्या जानेवारीतली गोष्ट. बारावीच्या प्रीलिमचे पेपर वाटून झाले होते आणि माझ्या क्लासची एक मुलगी फिजिक्सचा पेपर घेऊन संध्याकाळी घरी आली. मी देवगड तालुक्यात अकरावी-बारावीचं फिजिक्स शिकवतो, चौदा-पंधरा पोरं असतात, ओटीवरच बसतात. ही त्यातली सगळ्यात शांत आणि खरं सांगायचं तर सगळ्यात हुशार, म्हणजे लेन्झचा नियम ऊर्जेच्या अक्षय्यतेतून कसा येतो हे मला उलट समजावून सांगेल अशी. नाव लिहीत नाही, ती आता कॉलेजात आहे आणि तिला आवडायचं नाही. पेपरावर लाल शाईत ७० पैकी ३९.

सोबत तिचे बाबा होते, बागेतून थेट आलेले, कपड्यांना फवारणीचा वास. मोहराचे दिवस, तुडतुड्यांनी वैताग आणलेला. पेपर माझ्या हातात देऊन म्हणाले, "सर, पोरगी राती एक वाजापर्यंत जागता, मगे मार्क खंय जातत?"

माझ्या तोंडावर नेहमीचं उत्तर आलं होतं, सिली मिस्टेक आहेत, बोर्डापर्यंत कमी होतील. दरवर्षी हेच सांगतो मी. पण त्या माणसाने प्रश्न फार सरळ विचारला होता आणि मला त्याचं उत्तर येत नव्हतं. मार्क खंय जातत? खरंच कुठे जातात? म्हटलं बसा, मोजूया. चहा झाला, बाबा बागेत परत गेले आणि मी नि ती हिरवं पेन घेऊन बसलो, गेलेल्या ३१ मार्कांतला अर्धा-अर्धा मार्क शोधत.

ज्यांना बोर्डाचा पेपर माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. थिअरी ७० ची, तीन तास. एमसीक्यू १० मार्कांचे, मग एकेक मार्काचे ८ प्रश्न, मग बी सेक्शनमध्ये दोन मार्कांचे १२ पैकी ८, सी मध्ये तीन मार्कांचे १२ पैकी ८, आणि शेवटी डी मध्ये चार मार्कांचे ५ पैकी ३. कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, म्हणजे गुणाकार-भागाकार आणि मुळं हाताने काढायचे छापील तक्ते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, अर्धं प्रकरण तिथेच आहे.

हिशोब

दीड तास लागला. जे निघालं ते असं, जे तिला मुळात येतच नव्हतं (सेमीकंडक्टरचा धडा वाचलाच नव्हता, मॅग्नेटिक मटेरियलमधली हिस्टेरिसिस लूप अर्धवट) त्यात गेले ९. युनिटमध्ये, म्हणजे रूपांतर चुकलं किंवा उत्तरापुढे युनिटच नाही, साडेसात. लॉगच्या आकडेमोडीत ६. प्रश्न नीट न वाचल्यामुळे ४. रफमधून फेअरमध्ये उतरवताना आकडा बदलला, २. आणि शेवटचा चार मार्कांचा प्रश्न वेळ संपल्यामुळे अर्धा राहिला, अडीच.

३१ पैकी २२ मार्क असे की ज्यातलं फिजिक्स तिला येत होतं. २२! मी बेरीज दोनदा केली. ती नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे माका येता तरी ३९?" मला वाटतं ३९ पाहून नसेल झालं एवढं वाईट तिला हे ऐकून वाटलं.

प्रश्न न वाचल्याचे ४ आधी उरकतो, त्यात फार खोल काही नाही. एमसीक्यूत पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं असतं, सूचना पहिल्याच पानावर छापलेली असते, हिने एका ठिकाणी नुसतं उत्तर लिहिलं आणि एका ठिकाणी खोडून परत लिहिलं, पहिलंच धरतात. पॅरलल ॲक्सेसचं थिअरम 'स्टेट अँड प्रूव्ह' होतं, प्रूव्ह केलं झकास, स्टेट केलंच नाही, एक मार्क गेला. फरक सांगा म्हटलं होतं दोन मुद्द्यांत, तर एकच मुद्दा सहा ओळी ताणलेला. आणि बी सेक्शनमध्ये आठच्या जागी नऊ सोडवले, त्यात मार्क नाही गेला पण पाच मिनिटं गेली, आणि ती पाच मिनिटं शेवटच्या प्रश्नाला हवी होती.

आता खरं दुखणं.

साबणाचा फुगा आणि एक हापूस

प्रश्न साधा होता. ४ सेमी व्यासाचा साबणाचा फुगा फुगवायला किती काम करावं लागेल, पृष्ठताण ०.०३ न्यूटन पर मीटर. फुग्याला दोन पृष्ठभाग, आत एक बाहेर एक, त्यामुळे सूत्र आठ पाय आर स्क्वेअर टी. अर्धी पोरं इथेच चारवर अडकतात, हिने आठ बरोबर घेतला. व्यासाची त्रिज्या केली, २. तेही बरोबर. आणि मग तो २ तसाच टाकला, सेंटीमीटरमध्ये, पुढे पृष्ठताण मात्र मीटरवाला. उत्तर आलं ३.०१६ ज्यूल. खरं उत्तर ३.०१६ गुणिले टेन रेज टू मायनस फोर, म्हणजे ०.०००३०१६. आकडे तेच, फक्त दहा हजार पट.

मी तिला विचारलं, एक ज्यूल म्हणजे किती गं? म्हणाली, एक न्यूटन गुणिले एक मीटर. ते पाठ आहे, पण म्हणजे किती? गप्प. आत जाऊन फ्रीजमधला एक बटाटा आणला (हापूस कुठून आणणार जानेवारीत), म्हटलं समज हा तीनशे ग्रॅमचा मोठा हापूस आहे, जमिनीवरून उचलून मीटरभर वर, खिडकीच्या फळीवर ठेवला. किती काम? तिने तोंडी केलं, ०.३ गुणिले ९.८ गुणिले १, जवळजवळ ३ ज्यूल. आणि मग तिचंच तिला कळलं, हसायलाच लागली. साबणाचा फुगा फुगवायला हापूस उचलण्याएवढी ताकद लागली असती तर पोरांनी फुगे उडवलेच नसते.

असाच दुसरा. यंगच्या डबल स्लिटमध्ये लॅम्डा, म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी, ६००० अँगस्ट्रॉम, पडदा १ मीटरवर, स्लिटमधलं अंतर १ मिमी, पट्ट्यांची रुंदी काढा. हिने अँगस्ट्रॉमचं टेन रेज टू मायनस एट केलं. कुठून आलं मायनस एट? तर ते सेंटीमीटरचं आहे, मीटरचं मायनस टेन, दोन्ही कुठेतरी वाचलेलं, परीक्षेत डोक्यात वर आलं ते चुकीचं. उत्तर ६ सेमी. खरं ०.६ मिमी. सहा सेंटीमीटरचे पट्टे म्हणजे घरातल्या चादरीवर असतात तेवढे.

इथे मी जरा वहावत गेलो, तिला विजयदुर्गाची गोष्ट सांगितली. आमच्याच तालुक्यातला किल्ला, तिथे साहेबाचे कट्टे दाखवतात, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळचे. आपल्याकडे हेलियम विजयदुर्गावरच सापडला असं बेधडक सांगतात, ते मला पटत नाही, कारण त्या ग्रहणात ज्याचं नाव घेतात तो फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता आणि इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरने पुढे ऑक्टोबरमध्ये इंग्लंडातून बघितलं. पण गोष्टीतला मुद्दा वेगळाच आहे. सूर्याच्या प्रकाशाच्या वर्णपटात एक पिवळी रेघ दिसली, सोडियमच्या पिवळ्या रेघांच्या अगदी शेजारी. सोडियमच्या ५८९० आणि ५८९६ अँगस्ट्रॉमला, ही साधारण ५८७५ ला. पंधरा अँगस्ट्रॉमचा फरक. सोडियमच असेल म्हणून सोडून दिलं असतं तर विषय संपला होता, तो फरक धरून बसले म्हणून नवं मूलद्रव्य हाताला लागलं. आणि आमची बाय शंभर पट इकडचं तिकडे करते आणि पान उलटते.

गोष्ट तिला आवडली. उपयोग काही झाला असं मात्र वाटत नाही. अशीच ती मंगळाच्या यानाची गोष्ट मी दरवर्षी सांगतो, १९९९ साली एका सॉफ्टवेअरने पाउंडात आकडे दिले, दुसऱ्या बाजूने ते न्यूटनचे समजून वापरले आणि नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ नको तितकं खाली जाऊन संपलं. पोरं ऐकतात, आ वासतात, आणि पुढच्याच गणितात सेमी तसेच ठेवतात. गोष्टीने सवय बदलत नाही.

तापमानाचं एक होतं, कार्नो इंजिन १२७ आणि २७ डिग्री सेल्सिअसमध्ये चालतं, एफिशियन्सी काढा. एकातून २७ भागिले १२७ वजा करून ७९ टक्के काढली. केल्विन केलं तर एक वजा ३०० भागिले ४००, सरळ २५ टक्के, लॉगही नको. एवढे गोल आकडे पेपर काढणाऱ्याने मुद्दाम दिलेले असतात, २७ दिसला की तो ३०० होण्यासाठीच आलाय हे ओळखता यायला हवं. आणि फिरणाऱ्या चाकाचे मिनिटाला ३०० फेरे, तिने ओमेगाच्या, म्हणजे कोनीय वेगाच्या जागी ३०० टाकले, रेडियन पर सेकंदमध्ये ते ३१.४ होतात.

बार

लॉगचे ६ मार्क मला सगळ्यात जास्त लागले, कारण त्यातले तीन एकाच जागी गेले होते आणि ती जागा मला कधी दिसलीच नव्हती.

३२ ग्रॅम वस्तुमान, स्प्रिंग कॉन्स्टंट १० न्यूटन पर मीटर, आवर्तकाल काढा. टू पाय रूट एम बाय के. इथे तिने ग्रॅमचे किलोग्रॅम बरोबर केले, एम बाय के आलं ०.००३२. आता वर्गमूळ लॉगने. ०.००३२ चा लॉग बार तीन पॉइंट ५०५१ (बार म्हणजे तीनच्या डोक्यावरची मायनसची रेघ). याला दोनने भागायचं. तिने काय केलं, तीन पॉइंट ५०५१ ला सरळ दोनने भागलं, एक पॉइंट ७५२६, आणि डोक्यावर बार परत ठेवला. बार एक पॉइंट ७५२६. अँटिलॉग, म्हणजे लॉगवरून परत आकडा, ०.५६५७.

आता ज्यांनी लॉग टेबल वापरलंय त्यांना कळेल. बार फक्त तीनवर आहे, पॉइंटच्या पुढचं सगळं प्लसमध्ये. त्यामुळे बार तीनचा आधी बार चार अधिक एक करायचा, मग दोनने भागायचं, बार दोन पॉइंट ७५२६, अँटिलॉग ०.०५६५७. तिचं उत्तर बरोब्बर दहा पट, आकडे हुबेहूब तेच. म्हणून तर ही चूक सापडत नाही, गाइडमधलं उत्तर ५६५७ दिसतं, आपलं ५६५७ दिसतं, डोळा पुढे सरकतो.

तिचा आवर्तकाल आला ३.५५ सेकंद. मी म्हटलं ऊठ. ओटीवर झोपाळा आहे आमच्या आजोबांच्या वेळचा, कड्या जवळजवळ दोन मीटर लांब. रिकामाच हलका ढकलला आणि तिला मोबाइलवर दहा झोके मोजायला लावले. अठ्ठावीस सेकंद. म्हणजे एका झोक्याला २.८. आणि तुझी बत्तीस ग्रॅमची वस्तू, जिच्या वजनाने ती स्प्रिंग जेमतेम तीन सेंटीमीटर ताणली जाते, ती या झोपाळ्यापेक्षा सावकाश हलणार? ती झोपाळ्याकडे बघत उभी राहिली, मग पेपरात बघितलं, आणि मी काही न सांगता म्हणाली ०.३५ असेल.

आणि मग मी तिला विचारलं की घरी लॉग कसे करतेस. तर म्हणाली, घरी मी मोबाइलवर करते, लॉग परीक्षेतच.

मी तिची वही मागितली. ऑक्टोबर ते डिसेंबर, माझ्याच क्लासमधली ६४ न्यूमेरिकल होती त्यात. शेवटच्या आकड्यापर्यंत लॉगने सोडवलेली १९. बाकीच्यांत सूत्र आहे, किमती टाकल्यात, आणि खाली बाण काढून थेट उत्तर. कारण फळ्यावर मी तसंच करतो! किमती टाकल्या की म्हणतो, आता काय, कॅल्क्युलेशन घरी करा, पुढचं सोपं आहे. पोर्शन संपवायचा असतो, मोहर-फवारणी-आंबा या सगळ्यात पोरं फेब्रुवारीनंतर हाताला लागत नाहीत, घाई असते. म्हणजे ज्या जागी तिचे मार्क गेले ती जागा मी तिला कधी शिकवलीच नव्हती, तिथे पोचायच्या आधीच दरवेळी डस्टर फिरवत होतो. सिली मिस्टेक म्हणत होतो मी तिला. मस्करीच आहे.

पुढचे पाच आठवडे

पहिल्या आठवड्यात मी सगळ्यात फालतू उपाय केला, 'प्रत्येक गणित परत चेक कर.' जानेवारीअखेर सराव पेपर घेतला, ४३. तिने खरोखर चेक केलं होतं, पानापानावर टिकमार्क होते, आणि चुकीच्या उत्तरांवर पण टिकमार्क. कारण ज्या वाटेने चुकलो त्याच वाटेने परत चालत गेलो तर परत तिथेच पोचतो. स्वतःच्या हाताने लिहिलेला बार परत वाचला तरी तो बरोबरच वाटतो.

दुसरी वाट कुठली, हे मला तिच्या आजोबांकडून सुचलं. पूर्वी होडीवर होते. मी घरी गेलो होतो तेव्हा कोणीतरी मासळीला जायचं विचारत होतं आणि आजोबांनी भरती कधी ते बसल्या जागी सांगितलं. आपल्या किनाऱ्यावर जुनी माणसं करतात तसं, तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, पावणेचारच्या आसपास भरती. थोडंफार इकडेतिकडे होतं, पण दुपारची भरती कोणी त्यांना सकाळची सांगितली तर ते ऐकणार नाहीत. ते आधी अंदाज धरतात, बारीक आकडा मागाहून. मी तिला म्हटलं, तुझ्या घरात पाऊणकी आहे गो, आणि तू साबणाच्या फुग्याला हापूस उचलतेस.

मग ठरलं असं की लॉग टेबल उघडायच्या आधी उजव्या समासात पेन्सिलने अंदाज लिहायचा. ०.००३२ म्हणजे ३२ गुणिले टेन रेज टू मायनस फोर, ३२ चं मूळ साडेपाचच्या वर थोडं, घात अर्धा, मायनस टू. झालं, ०.०५६. सहा पॉइंट अठ्ठावीसने गुणलं की साधारण ०.३५. ती म्हणाली, "मगे लॉग लावचो कित्याक?" प्रश्न अगदी बरोबर होता. लॉग फक्त शेवटच्या दोन आकड्यांसाठी.

आणि यातूनच बारची भानगड आम्ही जवळजवळ घरातून हाकलून लावली. दहाचे घात बाहेर काढून बाजूला ठेवायचे, मूळ काढायचं असेल तर घात आधी सम करून घ्यायचा, आणि लॉग फक्त एक ते शंभरमधल्या आकड्याचा करायचा. तिथे बार येतच नाही (भागाकारात क्वचित येतो, तेव्हा वरचा आकडा दहा पट करून घात एकने उतरवायचा). पुस्तकात असं करू नका असं कुठेच म्हटलेलं नाही, पण क्लासमध्ये कोणी दाखवत नाही, मी पण नव्हतो दाखवत.

युनिटचं तिने स्वतःच शोधलं. गिव्हन लिहिताना डाव्या बाजूला पेपरातलं, आणि त्याच ओळीत बाण काढून लगेच एसआय, म्हणजे मीटर-किलोग्रॅम-सेकंदातलं. व्यास ४ सेमी, बाण, आर बरोबर टू इनटू टेन रेज टू मायनस टू मीटर. सूत्र लिहायच्या आधी. सूत्रात सेंटीमीटरला प्रवेशच नाही. तिचे बाबा फवारणीचा पंप भरताना डब्यावरचे मिली आणि ड्रममधले लिटर कधी एक करत नाहीत, केले तर मोहर करपेल, ते काही घरी जाऊन चेक करत नाहीत, औषध ओतायच्या आधीच माप घेतात. हे मी तिला सांगितलं नाही, तिनेच मला सांगितलं.

दुसऱ्या सराव पेपरात मार्क पडले ४१. कमी झाले! मला घाम. पण बघितलं तर लॉगच्या चुका सहावरून दीडवर आल्या होत्या, युनिटच्या दोनवर, आणि डी सेक्शन जवळजवळ कोरा. अंदाज, रूपांतर, सगळं इतकं निगुतीने केलं की वेळच संपला. तीन तास म्हणजे १८० मिनिटं, ७० मार्क, मार्कामागे साधारण अडीच मिनिटं, आणि ती एका दोन मार्कांच्या गणितावर अकरा मिनिटं बसली होती.

मग वेळेसाठी एक खटपट केली, सगळ्यांना चालेल असं नाही म्हणत. गणितात सूत्र, एसआय किमती घालून ओळ, आणि उत्तराच्या जागी नुसतं युनिट लिहून तीन ओळी मोकळ्या सोडायच्या. स्टेपचे मार्क तिथे पक्के झाले. लॉग शेवटच्या पंचवीस मिनिटांत सगळे एकदम, एकदा टेबल उघडलं की हात बसलेला असतो, टेबलातला चौथ्या अंकासाठीचा मीन डिफरन्सचा कॉलम विसरत नाही. डी सेक्शन मधेच घ्यायचं, शेवटी नाही. धोका एकच की मोकळी जागा विसरायची, म्हणून अशा प्रश्नाच्या समासात पेन्सिलने छोटी होडी काढायची. होडी का, तर तिला काढायला आवडते म्हणून. तिसऱ्या पेपरात ५२, एक होडी किनाऱ्याला लागायची राहिलीच. चौथ्यात ५१.

मधल्या काळात सेमीकंडक्टरचा धडा दोन रविवारांत केला, तो मूळ ९ मधला भाग. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, बसली, वाचलं, आलं. न येणारं शिकणं सोपं असतं, येत असून जाणारं थांबवणं अवघड.

बोर्डाच्या पेपराच्या दिवशी दुपारी एसटी स्टँडवरून तिचा फोन, मागे कंडक्टरचा आवाज. म्हणाली, "सर, एका गणितात आधी सत्तावीस टाकलंय, मगे माकाच हसू इला, तीनशे केलंय." बाकी पेपर कसा गेला ते सांगायच्या आधी गाडी सुटली बहुतेक.

निकालात थिअरीला ७० पैकी ५८. कोकण विभाग पासाच्या टक्केवारीत दरवर्षी राज्यात पहिला येतो, गावात पेढे वाटतात, पण पास होणं वेगळं आणि ३९ चे ५८ होणं वेगळं, हे बोर्डाच्या आकड्यांत कुठे दिसत नाही. राहिलेले १२ कुठे गेले ते आम्ही शोधलं नाही, उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवता आली असती पण तिला नको होती. बाबा मात्र आंब्याची पेटी घेऊन आले तेव्हा पहिला प्रश्न तोच, "बारा खंय गेले?"

यंदाच्या बॅचला मी प्रत्येक न्यूमेरिकल फळ्यावर शेवटच्या आकड्यापर्यंत करतो, अंदाज आधी, लॉग नंतर, मोबाइल टोपलीत. परिणाम असा की पूर्वी तासाला सहा-सात व्हायची ती आता तीन होतात, दिवाळी आली आणि पोर्शन दोन धडे मागे आहे, दोन पालकांनी विचारलं पण की सर, शेजारच्या गावातल्या क्लासचं झालं की हो सगळं. त्यांना काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. काल कपॅसिटरचं एक गणित घेतलं, मायक्रोफॅरडवालं, आणि चौदापैकी नऊ जणांनी टेन रेज टू मायनस सिक्स टाकलंच नव्हतं. ते फळ्यावर निस्तरण्यातच तास संपला.